फुल स्कॅनमध्ये काही सापडत नाही, तरी कोपऱ्यात 'व्हायरस सापडला' येतच राहतं

कोरी_पाटी

घरातली यंत्रं अशी: एक डेस्कटॉप, विंडोज १०, १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. एक लॅपटॉप, विंडोज ११, एसएसडी. दोन अँड्रॉइड फोन, एक आयफोन, आणि सगळ्यांना मिळून एक राउटर. अडचणी अशा:

१. डेस्कटॉपवर फुल स्कॅन लावला की नऊ-दहा तास चालतो. ९० टक्क्यांच्या पुढे तर तासन्‌तास हलत नाही. शेवटी म्हणतो, धोका आढळला नाही.

२. तरीही उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत, ताबडतोब साफ करा' अशा चौकटी दिवसभर येतात.

३. एक पेन ड्राइव्ह लावला की आतल्या फोल्डरांऐवजी ड्राइव्हच्याच नावाचा एकुलता एक शॉर्टकट दिसतो. जागा मात्र भरलेली दिसते.

४. डेस्कटॉपवर विकतचा अँटिव्हायरस आहे, पण त्याची मुदत संपली आहे. तो राहू देऊन वर एक मोफतचा टाकला तर दुहेरी संरक्षण मिळेल ना?

कोणता स्कॅन आधी, कोणता नंतर? आणि फोनवर अँटिव्हायरस टाकायचा का? जाणकारांनी सांगावं.

---

खटपट्या

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. तुमचा तो दहा तासांचा स्कॅन नक्की केला कोणी? मुदत संपलेल्या अँटिव्हायरसने केला असेल, तर त्याच्याकडची व्हायरसची यादी मुदत संपली त्या दिवशीच थांबली असण्याची शक्यता आहे. त्यानंतर आलेलं काही तो ओळखणार कसा? जुन्या यादीने दहा तास शोधण्यापेक्षा ताज्या यादीने दहा मिनिटं शोधलेलं बरं.

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. प्रत्येक जण फाइल उघडायच्या क्षणी मध्ये उभा राहून ती तपासतो. दोघं असले की एकाने तपासायला उघडलेली फाइल दुसरा अडवतो, एकाच्या कोंडवाड्यातला नमुना दुसऱ्याला व्हायरस वाटतो, आणि यंत्र गोगलगाय होतं. म्हणून 'सतत पहारा' देणारा एकच हवा. हवं तेव्हा चालवून बंद करायचा दुसरा स्कॅनर चालतो, त्याबद्दल खाली लिहितो.

आता क्रम.

आधी जुना अँटिव्हायरस काढा. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करा. तरी अवशेष उरले तर त्याच कंपनीचं काढून टाकायचं वेगळं टूल असतं, ते चालवा. रिस्टार्ट करा. दुसरा कोणी नाही हे कळलं की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर आपसूक जागा होतो. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' शोधा, आत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', आणि 'प्रोटेक्शन अपडेट्स' खाली शेवटच्या अपडेटची तारीख बघा. आजची किंवा कालची हवी. अपडेट अडत असेल तर संगणकाचं घड्याळ बघा. मदरबोर्डचा सेल संपून तारीख मागे गेली असेल तर सुरक्षित जोडणीच होत नाही आणि अपडेट नापास होतं. ही साधी गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

त्यानंतर, स्कॅनच्या आधी, एक गोष्ट न चुकता बघा: 'मॅनेज सेटिंग्ज' मध्ये अगदी खाली 'एक्स्क्लूजन्स'. इथे नोंदलेल्या जागा डिफेंडर तपासतच नाही. बरेच व्हायरस आत शिरल्यावर आधी स्वतःचं फोल्डर किंवा अख्खा सी ड्राइव्ह या यादीत घालून ठेवतात. मग कितीही स्कॅन करा, चोराला वगळूनच झडती होते. तुम्ही स्वतः घातलेली नसेल ती प्रत्येक नोंद काढून टाका. घरच्या संगणकावर 'ही सेटिंग तुमच्या व्यवस्थापकाच्या ताब्यात आहे' अशा अर्थाची ओळ दिसली तर तीही संशयास्पदच. त्याच पानावर 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू ठेवा.

मग क्विक स्कॅन. तो चालू असलेले प्रोग्रॅम, मेमरी आणि विंडोज सुरू होताना आपोआप चालू होणाऱ्या जागा बघतो. जिवंत व्हायरसला यांपैकी कुठेतरी असावंच लागतं, म्हणून नेहमीच्या वापराला सततचा पहारा आणि क्विक स्कॅन एवढं पुरतं. फुल स्कॅन कधी? नवा अँटिव्हायरस घातल्यावर एकदा, आणि काही सापडल्यावर एकदा. दर आठवड्याला करायची गरज नाही.

क्विकमध्ये सापडलं, काढलं, पुन्हा उगवलं, असं झालं तर 'स्कॅन ऑप्शन्स' मधला ऑफलाइन स्कॅन. यात संगणक रिस्टार्ट होतो आणि नेहमीचं विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते. विंडोज चालू असताना लपून बसणारे इथे उघडे पडतात, कारण ते अजून जागेच झालेले नसतात. साधारण १५ मिनिटं लागतात. उघडं काम आधी सेव्ह करा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाने) बंद असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवा, ती ४८ अंकी असते आणि मागितली गेली की तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. निकाल नंतर 'प्रोटेक्शन हिस्टरी' मध्ये दिसतो.

९० टक्क्यांवर अडकण्याचं कारण: तो आकडा अंदाजाचा असतो. झिप, आयएसओ, जुने बॅकअप अशा एका फाइलच्या पोटात हजारो फाइली असतात, आणि त्या उलगडून बघाव्या लागतात. फिरत्या डिस्कवर प्रत्येक लहान फाइलसाठी सुई इकडून तिकडे पळते. तो हँग झालेला नाही, खोदतोय. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर हलताना दिसला की समजा काम चालू आहे. टेम्प फोल्डर आणि ब्राउझरचा कॅश आधी रिकामा केलात तर फाइलींची संख्या बरीच उतरते. स्लीप बंद करा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, आणि रात्री सोडून द्या.

आणखी दोन मर्यादा. पासवर्ड घातलेली झिप कुठलाही स्कॅनर आतून बघू शकत नाही. आणि पेन ड्राइव्ह डिफेंडरच्या फुल स्कॅनमध्ये एरवी धरले जात नाहीत. त्यांच्यावर राइट क्लिक करून वेगळा स्कॅन द्यावा लागतो.

---

टकटक

कोपऱ्यातल्या चौकटींबद्दल. शंभरातल्या ९९ वेळा हा व्हायरस नसतो. कुठल्यातरी साइटने 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा' म्हटलं, कोणीतरी दाबलं, आणि त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. परवानगी तुमचीच, म्हणून अँटिव्हायरसच्या दृष्टीने यात गैर काही नाही. दहा काय, शंभर तास स्कॅन केलात तरी ती सापडणार नाही.

चौकट नीट वाचा. तिच्यात बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता असतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'. परवानगी असलेल्या साइटांच्या यादीतून अनोळखी सगळ्या काढा. एज आणि फायरफॉक्समध्येही याच नावाची जागा आहे. तिथेच वर 'साइटना विचारूच देऊ नका' हा पर्याय निवडला की कटकट कायमची मिटते.

मग एक्स्टेन्शन्स. पीडीएफ बदलणारी, कूपन शोधणारी, व्हिडिओ उतरवणारी, जी कोणी टाकली हे कुणालाच आठवत नाही ती उडवा. उडवलेलं एक्स्टेन्शन पुन्हा उगवत असेल तर ब्राउझरचं सिंक बघा, दुसऱ्या यंत्रावरून तेच परत येत असतं. क्रोममध्ये पूर्वी साफसफाईचं टूल होतं, ते २०२३ मध्ये काढून टाकलंय. जुन्या लेखांत त्याचा मार्ग दिलेला दिसेल, शोधत बसू नका.

त्या चौकटीवर 'साफ करा' दाबून काही उतरवलं-चालवलं असेल तर मात्र प्रकरण वेगळं. तसं झालंय का ते आधी सांगा.

---

शून्य_एक

@कोरी_पाटी, पेन ड्राइव्हचा तो शॉर्टकट उघडू नका. तुमच्या फाइली बहुधा शाबूत आहेत. हा जुना प्रकार आहे: व्हायरस सगळा माल एका फोल्डरमध्ये हलवतो, त्या फोल्डरला नाव म्हणून न दिसणारी मोकळी जागा देतो, त्याला 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही शिक्के मारतो आणि बाहेर शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरसची स्क्रिप्ट चालते आणि मग तुमचं फोल्डर उघडतं, म्हणून उघडणाऱ्याला शंकाही येत नाही. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही चालण्याची सोय विंडोज ७ पासून बंद आहे, त्यामुळे या व्हायरसला तुमचं बोट लागतं.

फाइली परत मिळवायला:

आधी पेन ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन. मग कमांड प्रॉम्प्ट उघडा, पेन ड्राइव्हचं अक्षर आणि विसर्गचिन्हासारखे दोन टिंब टंकून एंटर दाबा, म्हणजे त्या ड्राइव्हवर पोहोचाल. तिथे अ‍ॅट्रिब (attrib) ही कमांड. तिच्यापुढे वजा एच, वजा आर, वजा एस, प्रत्येकाआधी मोकळी जागा. शेवटी तिरकी रेघ (/) एस, तिरकी रेघ डी. अक्षरं अर्थातच इंग्रजीत टंकायची. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, तर 'सिस्टिम' शिक्का असताना प्रॉपर्टीजमधली 'हिडन' ची खूण करडी दिसते, उंदराने काढताच येत नाही.

आता बिननावाचं फोल्डर दिसेल. त्यातली कागदपत्रं आणि फोटो तेवढे उचला. शॉर्टकट आणि स्क्रिप्टच्या फाइली तिथेच सोडा, आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. ज्या संगणकावर पूर्वी तो शॉर्टकट उघडला गेला असेल तो जोवर साफ होत नाही, तोवर पेन ड्राइव्ह साफ करणं म्हणजे गळक्या नळाखाली पुसत बसणं. साफ झालाय का हे बघायचं तर फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह त्यात लावा. मिनिटाभरात शॉर्टकट परत उगवला तर नाही झाला.

---

बिनतारी

फोन आणि राउटर राहिलेच.

अँड्रॉइड: प्ले स्टोअर, वर उजवीकडे स्वतःचं चित्र, 'प्ले प्रोटेक्ट', स्कॅन. त्याच्या सेटिंग्जमध्ये दोन्ही बटणं चालू हवीत, दुसरं बटण प्ले स्टोअरबाहेरून आलेली अनोळखी अ‍ॅप तपासणीला पाठवतं. स्कॅनपेक्षा महत्त्वाच्या तीन याद्या आहेत आणि त्या हाताने बघायच्या: 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' कोणाला दिली आहे, 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' कोण आहे, आणि 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची' परवानगी कोणाकडे आहे. पैसे लुटणारी अ‍ॅप सर्वात आधी अ‍ॅक्सेसिबिलिटी मागतात, कारण ती मिळाली की पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. एखादं अ‍ॅप निघत नसेल तर ते डिव्हाइस अ‍ॅडमिन असण्याची शक्यता जास्त. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा, त्याचं अ‍ॅडमिनपद काढा, मग अनइन्स्टॉल होईल. बऱ्याच फोनमध्ये पॉवर ऑफचं बटण पडद्यावर दाबून धरलं की सेफ मोड विचारतो. तिथेही निघालं नाही तर फॅक्टरी रीसेट.

आयफोन: इथे एक अ‍ॅप दुसऱ्याच्या आत डोकावू शकत नाही, त्यामुळे अँटिव्हायरस म्हणून विकलं जाणारं अ‍ॅपही इतर अ‍ॅप स्कॅन करू शकत नाही. 'व्हायरस' म्हणून ज्या सूचना दिसतात त्या बहुधा कॅलेंडरच्या असतात. चुकून सबस्क्राइब झालेलं कॅलेंडर शोधून काढा. सेटिंग्जमध्ये 'जनरल' खाली 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' मध्ये अनोळखी प्रोफाइल असेल तर तीही काढा.

राउटर: याला स्कॅन नाही. लॉगिन करून डीएनएसचे (साइटचा पत्ता कोणाला विचारायचा त्याचे) आकडे बघा. तुम्ही किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीने दिलेले नसतील तर कोणीतरी रस्ता वळवलेला आहे. नुसतं बंद-चालू करून भागतं का? प्रकारावर आहे. २०१६ चा मिराई हा व्हायरस फक्त मेमरीत राहायचा, रिस्टार्टने जायचा, पण कारखान्यातला पासवर्ड तसाच असेल तर काही मिनिटांत परत यायचा. २०१८ च्या व्हीपीएनफिल्टरचा पहिला भाग मात्र रिस्टार्टनंतरही टिकायचा, त्याला फॅक्टरी रीसेटच लागायचं. तेव्हा क्रम असा: रीसेट, मग लगेच फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट, मग नवा अ‍ॅडमिन पासवर्ड, बाहेरून लॉगिनची सोय बंद. अपडेट येणंच थांबलेला राउटर असेल तर तो बदला.

---

कोरी_पाटी

सर्वांचे आभार. डेस्कटॉपची प्रगती:

जुना अँटिव्हायरस काढला, डिफेंडर चालू झाला. एक्स्क्लूजन्समध्ये अख्खा सी ड्राइव्ह होता! घरात कोणीही घातलेला नाही. नोंद काढून क्विक स्कॅन केला तर दोन सापडले. एकाचं नाव ट्रोजन, पुढे वाकाटॅक, शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल. दुसरं हॅकटूल, डाउनलोड्समधल्या एका झिपमध्ये. दोन्ही काढले. ऑफलाइन स्कॅनमध्ये काही नाही. चौकटी नोटिफिकेशन्स काढल्यावर थांबल्या. त्यांवर कोणी काही उतरवलं नव्हतं. पेन ड्राइव्हमधल्या फाइली मिळाल्या.

म्हणजे झालं का साफ?

---

टकटक

नावं आधी उलगडू. 'हॅकटूल' हे बहुधा फुकट्या सॉफ्टवेअरचं कुलूप तोडायचं टूल असतं. 'आमच्या टूलला अँटिव्हायरस उगाच अडवतो, आधी तो बंद करा' अशी सूचना सोबत असते, आणि तीच दारं उघडते. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल म्हणजे नमुना ओळखीचा नाही, यंत्राने लक्षणांवरून अंदाज बांधला आहे. असा अंदाज चुकूही शकतो. शंका असेल तर व्हायरसटोटलवर बघा, तिथे ७० च्या आसपास इंजिनं एकाच वेळी मत देतात. फक्त खासगी कागद तिथे चढवू नका, चढवलेली फाइल इतरांना मिळू शकते. पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅशने फाइलचा ६४ अक्षरी ठसा काढून नुसता तो शोधला तरी चालतं.

पण तुमच्या बाबतीत अंदाज चुकला म्हणायला जागा नाही. सी ड्राइव्ह आपणहून यादीत जात नाही. म्हणजे काहीतरी अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चाललं होतं. हल्ली असं काही चालतं ते बहुतेक वेळा पासवर्ड आणि ब्राउझरमधल्या लॉगिन कुकीज (तुम्ही लॉगिन केलेलं आहे याची ब्राउझरमधली खूण) उचलण्यासाठी. उचलून झालं की स्वतःला पुसून टाकणारेही असतात. म्हणून ऑफलाइन स्कॅन कोरा आला यावर मी फार विसंबणार नाही.

आज करायचं काम: त्या डेस्कटॉपवरून नाही, खात्रीच्या फोनवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँक, मग बाकी. प्रत्येक ठिकाणी 'सर्व उपकरणांवरून लॉगआउट' दाबा. ते नाही दाबलं तर चोरलेली कुकी काही ठिकाणी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहते, आणि तिला ओटीपी विचारलाच जात नाही. ईमेलमध्ये फॉरवर्डिंगचा नियम आणि रिकव्हरीचा नंबर कोणी बदललाय का तेही बघा.

---

शून्य_एक

टकटकशी सहमत, पण लगेच फॉरमॅट करायला सांगणार नाही. दुसरं मत घ्या. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर इन्स्टॉल करावा लागत नाही. उतरवल्यापासून १० दिवसांनी तो कालबाह्य होतो, दर वेळी ताजा घ्यायचा. मालवेअरबाइट्सही चालेल, फक्त तो सुरुवातीला १४ दिवस पूर्ण आवृत्तीच्या चाचणीत असतो आणि तेव्हा सतत पहाराही देतो. ती चाचणी बंद करून हाताने स्कॅन करा. मग ऑटोरन्स (संगणकासोबत आपोआप काय काय सुरू होतं त्याची यादी दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) चालवा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, आणि उरलेल्यात टेम्प किंवा अ‍ॅपडेटा फोल्डरातून सुरू होणारं काय आहे ते बघा. शेड्यूल्ड टास्कचा टॅब विसरू नका, काढलेलं पुन्हा उगवतं ते बहुधा तिथून.

---

खटपट्या

इथे मी फॉरमॅटच्या बाजूने. अ‍ॅडमिनच्या अधिकाराने काय काय बदललं गेलं याची यादी कोणताच स्कॅनर देत नाही, तो फक्त ओळखीच्या फाइली शोधतो. ऑटोरन्स वाचता येणाऱ्याला ते टूल, बाकीच्यांना ती भली मोठी यादी. त्यात विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरच्या याद्या २०२८ पर्यंत येत राहणार असल्या तरी विंडोजमधली भोकं त्या बुजवत नाहीत. यंत्र विंडोज ११ ला चालणारं असेल तर हीच वेळ.

इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह लॅपटॉपवर बनवा, डेस्कटॉपवर नको. किमान ८ जीबीचा, आणि त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून तो शॉर्टकटवाला फाइली काढून झाल्यावर चालेल. इन्स्टॉल करताना सी ड्राइव्हचं जुनं पार्टिशन 'डिलीट' करा, नुसतं त्यावर चढवू नका. माल दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर डिलीट करताना आकार वाचून दोनदा खात्री करा, इथे गफलत झाली की परत फिरता येत नाही. बॅकअपमध्ये कागदपत्रं, फोटो, व्हिडिओ एवढंच. सेटअपच्या फाइली, झिप आणि ब्राउझरचं प्रोफाइल फोल्डर नको, त्यातूनच गेलेला पाहुणा परत येतो.

नव्या विंडोजवर पहारा जागा आहे का हे बघायचं तर आयकारची चाचणी फाइल उतरवा. ६८ बाइटचा निरुपद्रवी मजकूर आहे, पण प्रत्येक अँटिव्हायरसने ती व्हायरस म्हणून अडवायची असा संकेत आहे. ती गुपचूप डेस्कटॉपवर येऊन बसली तर रिअल टाइम प्रोटेक्शन बंद आहे.

---

कोरी_पाटी

पासवर्ड बदलले, सगळीकडून लॉगआउट केलं. ईमेलमध्ये अनोळखी पत्त्यावर फॉरवर्डिंगचा एक नियम निघाला, तो काढला. पीसी हेल्थ चेक (यंत्र विंडोज ११ ला चालेल का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं टूल) म्हणतो टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) सापडत नाही.

---

खटपट्या

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बघा, पुष्कळदा तो तिथे नुसता बंद असतो. इंटेल असेल तर 'पीटीटी', एएमडी असेल तर 'एफटीपीएम' या नावाने. चालू करा आणि पीसी हेल्थ चेक पुन्हा चालवा. प्रोसेसरच यादीत नसेल तर ते लिहा, मग वेगळा विचार करू.